पोहायच्या भोपळ्याचं बी

दुधी घेताना मी अजूनही त्याला नख लावते आणि नखाला लागलेला रस चाटून बघते. मंडईतल्या भाजीवाल्या मला चांगल्याच ओळखून आहेत. "आली बग चाटणारी," असं एक दुसरीला सांगते, तेही मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, कारण आमच्या कोल्हापूरकडं कुजबुजायची पद्धतच नाही. मीही काही कमी नाही. "चाटून घेती, चोरून न्हाय," असं सुनावते आणि पुढच्या दुधीला नख लावते. मग तो घरी आणते, घरच्यांना करून वाढते आणि स्वतः खात नाही. माझ्या लेकीला वाटतं, आईला दुधी आवडत नाही. आवडायचा की. माझी अव्वा, म्हणजे आई, हरभऱ्याची डाळ आणि दाण्याचं कूट घालून दुधीची भाजी करायची तेव्हा मी चुलीजवळून हलायची नाही. पण ते सातवीपर्यंत. त्यानंतर अव्वाच्या हयातीत आमच्या त्या घरात दुधी शिजला नाही, आणि का शिजत नाही हे अप्पांनी कधी विचारलं नाही. पन्नाशी जवळ आली. हे एकदा लिहून ठेवायचं असं किती वर्षं म्हणत होते, आज बसलेच.

आमचं घर म्हणजे अप्पांचं किराणा दुकान आणि त्याच्या मागच्या दोन खोल्या. गाव शिरोलीच्या एमआयडीसीला लागून. त्यामुळं घड्याळ घरात असूनही सगळं चालायचं ते फौंड्रीच्या भोंग्यावर. पहिल्या भोंग्याला अव्वा उठायची, दुसऱ्याला भाकरीचं पीठ मळायची, आणि संध्याकाळच्या भोंग्याला बसूमामासाठी पाणी तापत ठेवायची. बसूमामा म्हणजे अव्वाचा धाकटा भाऊ. तो आमच्याकडंच राहायचा आणि फौंड्रीत साचे भरायला जायचा. घरी यायचा तेव्हा दात आणि डोळे सोडले तर सगळा काळा. न्हाणीत बसून तो तोंड धुवायचा, त्याच्या नाकातनं काळं पाणी निघायचं, आणि तसल्यात तो मोठमोठ्यानं गाणी म्हणायचा. अव्वाचं माहेर निपाणीकडचं. रागावली की ती मराठीत बोलायची, आणि घाबरली की कानडीत. वाळत घातलेल्या सांडग्यांवर फौंड्रीची काजळी बसली की भिंतीकडं बघून अख्ख्या एमआयडीसीला शिव्या घालायची, त्या मराठीत. भट्टी पेटली की जळक्या तेलाचा वास घरात शिरायचा. त्या वासात खाल्लेली गरम भाकरी, कांद्याची फोड आणि कारळ्याची चटणी यांची चव मला नंतर कुठंच मिळाली नाही.

मागच्या खोलीत खुंटीला दोन वाळके भोपळे काथ्यानं एकत्र बांधून टांगलेले असायचे. घागरीएवढे, पिवळट, वाजवले की टणटण आवाज करणारे. ते मामाचे. ते पाठीला बांधून तो पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचा, आणि पोरींमध्ये फक्त मला. भोपळा पाठीवर असला की माणूस बुडत नाही. मी विचारलं होतं, "मामा, आपण भाजी करतो त्यो भोपळा का बांदत न्हाय?" मामा म्हणाला, "त्यो गोड आसतोय गं. गोडाला किडा लागतोय, त्यो कुजतोय. ह्यो कडू हाय. ह्याला उंदीरबी तोंड लावत न्हाय, म्हणून तर टिकतोय." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण मी ते ऐकलं होतं. लहान होते, कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. त्या दोनमधला एक भोपळा एकदा काठावर आपटला आणि त्याला चीर गेली. पाणी आत जाणारा भोपळा काय कामाचा, म्हणून मामानं तो माळ्यावर टाकून दिला. हलवला की आत बिया खुळखुळायच्या.

सहावीत आम्हाला सबनीस बाई आल्या. कोल्हापूर शहरातल्या, लूनावरून यायच्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. वय तिशीच्या आतलं असेल, पण आम्हाला त्या मोठ्याच वाटायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, नखं बघितली, आणि प्रत्येकाच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून आत बघितलं. "पांढरंफटक आहे सगळं," त्या म्हणाल्या. "काय खाता रे तुम्ही?" खरं सांगायचं तर आम्ही दुकानातलं खायचो. माझ्याच बापाच्या दुकानातलं. पिवळ्या नळ्या बोटांत घालून एकेक कुरतडायची, गुलाबी गोळ्या, रंगीत बडीशेप. भाजी ताटात पडायची, पण ताटातच राहायची. बाईंनी आम्हाला पुस्तकातला आहाराचा धडा शिकवलाच नाही. त्या आम्हाला शाळेच्या मागं घेऊन गेल्या.

शाळेच्या मागं फौंड्रीची काळी वाळू पडलेली होती. साचे मोडल्यावर उरलेली जळकी वाळू तेव्हा भराव म्हणून गावभर टाकायचे. बाई म्हणाल्या, "ही उचलायची." दीड महिना आम्ही घमेल्यानं वाळू उचलत होतो. हात काळे, दप्तरं काळी, आयांची कटकट वेगळीच. मग मंगलच्या वडिलांनी त्यांच्या मळ्यातली माती बैलगाडीनं आणून टाकली. मंगल माझ्या बाकावर बसायची, माझी मैत्रीण आणि माझी पहिली वैरीण. त्या मातीवर आम्ही वाफे पाडले. तिथंच आमचं गणित चाललं, तिथंच विज्ञान. वाफ्याचा परीघ काढायचा, गांडुळं मोजायची, पालकाची वाढ वहीत लिहायची. आणि दर शुक्रवारी शेवटची घंटा व्हायच्या आधी चवीचा तास. बागेतलं जे निघालं असेल ते धुवायचं, चिरायचं, स्टोव्हवर काही शिजवायचं, काही कच्चंच, आणि सगळ्यांनी खायचं. मेथी, कच्चं तेल आणि शिळी भाकरी. चुका घातलेली डाळ. मीठ लावलेला मुळा, जो खाऊन पोरं घरी जाईपर्यंत एकमेकांच्या तोंडावर ढेकर द्यायची. नियम एकच. आधी बाई खाणार, मग आम्ही. आणि बाईंनी विचारलं, "तोंडात घेतलं की?" की आम्ही एकेचाळीसजण ओरडायचो, "गिळायचं!" थुंकायचं नाही, ताटात टाकायचं नाही. सुरुवातीला पोरं रडली. संतोष तर कारल्याची फोड गालात धरून अर्धा तास बसला होता. पण वर्षभरात काय झालं कुणास ठाऊक, आम्ही खायला लागलो. दुकानातल्या पिवळ्या नळ्यांची बरणी भरलेलीच राहायला लागली, आणि अप्पा म्हणाले, "तुज्या बाई माजं दुकान बंद पाडणार." हसत म्हणाले.

सातवीच्या सुरुवातीला बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं घरातलं बी आणायचं. विकतचं नाही. आई जे बी गाडग्यात राखेत ठेवते ना, त्यातलं. वाफ्यापुढं पाटी लागणार, कुणाच्या घरचं बी ते लिहून. वर्गात सगळी शेतकऱ्यांची पोरं. दुसऱ्याच दिवशी पुरचुंड्या आल्या. घेवडा, दोडका, अंबाडी, काय काय. माझ्या घरी शेत नाही, गाडगं नाही. मंगल म्हणाली, "हिच्या घरात कसलं बी? बिस्किटाचं बी आणंल ही." वर्ग हसला. मला आठवतंय, मी रडले नाही, मला राग आला. राग आला की मला अजून तसंच होतं, कान गरम होतात आणि डोकं चालायचं बंद होतं. घरी गेले, माळ्यावर चढले, तो चिरलेला भोपळा पायाखाली घेऊन फोडला, आणि ओंजळभर बिया फडक्यात बांधल्या. फुटलेली कवटी पोत्याखाली सरकवून दिली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात बिया ठेवल्या आणि म्हटलं, "दुधीचं बी आहे बाई. आमच्या अव्वाच्या माहेरचं."

मला कडू भोपळा लावायचा होता का? नव्हता. मला मामाचं बोलणं आठवत होतं का? आठवत होतं. मग? बाईंनीच एकदा वाफ्याच्या काठावर बसून सांगितलं होतं, "बी कसलंही असो. चांगली माती आणि चांगलं पाणी मिळालं की सुधारतं. माणसाचंही तसंच आहे." मी ते अक्षरशः धरून बसले. मळ्यातली माती आहे, मी रोज पाणी घालणार आहे, मग कडू कसा राहील? मोठ्या माणसांनी लेकरांसमोर बोलताना जरा जपून बोलावं, असं मी आता माझ्या मास्तरीण नणंदेला सांगते तेव्हा ती माझ्याकडं बघून हसते. तिला काय माहीत.

वेल असा काही फोफावला की बाकीच्या वाफ्यांना लाज वाटावी. मांडव कमी पडला, मग शाळेच्या पत्र्यावर चढला. मी डब्यातलं पिण्याचं पाणीसुद्धा त्याला घालायची. पाटी लागली, "शिवलीला, इयत्ता सातवी, आजोळचा दुधी." मंगल रोज येऊन बघायची आणि काही बोलायची नाही, त्यातच माझं पोट भरायचं. गणपती झाले, आणि वेलाला फळं धरली. आमच्या दुधीसारखी लांब नव्हती. खाली गोल, वर मान निमुळती. बाई शहरातल्या, त्यांना वाटलं ही जातच तशी. मला मात्र त्या फळांची ओळख पटायला लागली होती. मागच्या खोलीत खुंटीला टांगलेलं मनात हिरवं करून बघितलं की झालं. रोज शाळेतनं घरी आले की मी आधी त्या खुंटीकडं बघायची. मग पुढं पुढं बघायचं सोडलं.

त्या शुक्रवारी तालुक्याचे साहेब बाग बघायला येणार होते. आयांना बोलावलं होतं. बाईंना एकच गोष्ट हवी होती, शेजारच्या गावांतल्या शाळांनाही अशा बागा मिळाव्यात. त्या आठवडाभर घसा बसेपर्यंत आमची तयारी करून घेत होत्या. तेव्हा शहरात सकाळी दुधीचा रस प्यायची टूम निघाली होती. बाईंनी ठरवलं, आज रस. माझ्या वेलाचे दोन दुधी काढले. मला मानाचं काम मिळालं, खिसायचं. वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात मी खिसत बसले, बाई फडक्यातनं पिळून पातेल्यात रस गाळत होत्या, वर पुदिना, जिरेपूड, मीठ. घरी अव्वा दुधी चिरताना पहिली फोड जिभेला लावायची, आणि मग भाजीला घ्यायची. सगळ्याच बायका लावतात. मीही खिसणीला लागलेलं बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं.

कडू म्हणजे काय ते मला कारल्यामुळं माहीत होतं. हे ते नव्हतं. जीभ मागं ओढली गेली, घशाला पीळ पडला, डोळ्यांत पाणी आलं. मी उठले. बाई पातेलं उचलून निघाल्या होत्या. मी त्यांच्या पदराला हात लावला. "बाई." त्या वळल्या. चेहरा घामानं डबडबलेला, आणि इतक्या आनंदात मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "काय गं शिवलीला?" तेवढ्यात फाटकातनं जीप आत आली. मी सांगितलं असतं तर सगळ्या आयांसमोर, मंगलसमोर, साहेबांसमोर माझ्या आजोळच्या दुधीचं सगळं बाहेर आलं असतं. मी म्हटलं, "काही नाही बाई." तीन शब्द. आजही कुणी मला काय झालं म्हणून विचारलं तर मी काही नाही असं म्हणत नाही, दुसरं काहीतरी बोलते.

साहेब खुर्चीत बसले, आया भिंतीला टेकून बसल्या. त्यांत अव्वाही होती, इरकल नेसून आलेली. साहेबांनी रसाकडं बघितलं आणि म्हणाले, "मला सर्दी आहे हो. मुलांनाच द्या." बाई हसल्या. "आधी मी घेते. आमचा नियम आहे." त्यांनी फुलपात्र भरलं आणि पहिला घोट घेतला. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते. घोट तोंडात थांबला. एक क्षण त्यांचे डोळे मोठे झाले. आणि तेवढ्यात संतोषनं सवयीनं हाळी दिली, "तोंडात घेतलं की?" आणि एकेचाळीस पोरं ओरडली, "गिळायचं!" मीही ओरडले. ते मला सहन होत नाही. मीही ओरडले, कारण सगळे ओरडत होते. बाईंनी गिळलं. साहेब टाळ्या वाजवायला लागले, आया हसायला लागल्या, आणि बाईंनी ते फुलपात्र तळापर्यंत संपवलं. मग त्यांनी पातेलं उचललं आणि कडेच्या मातीत पालथं केलं. "आज मुलांना नको," त्या म्हणाल्या. "रस जरा उतरलाय." आवाज साधा होता. कुणाच्या पोटात एक थेंब जाऊ दिला नाही त्यांनी.

साहेब गेले आणि बाई शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ बसल्या. पहिली उलटी झाली तेव्हा त्यांनी आम्हाला हातानं लांब जायची खूण केली. तिसऱ्या उलटीत रक्त होतं. आया धावल्या, कुणीतरी फौंड्रीचा टेम्पो थांबवला, आणि बाईंना मागं आडवं घालून नेलं. त्यांची एक चप्पल तिथंच राहिली. मी ती उचलून वर्गात त्यांच्या टेबलाखाली ठेवली. सोमवारी ती तिथं नव्हती.

बाई वाचल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या आठ दिवसांत मला ते कुणी सांगत नव्हतं. गावात एकच बोलणं, फौंड्रीच्या वाळूचं विष भाजीत उतरलं. लोक आधीच चिडलेले होते. विहिरीच्या पाण्यावर तेलाची साय यायची, धुणं काळं व्हायचं, पोरं खोकायची. आता हातात कारण मिळालं. आणि बाईंनी त्याच वाळूच्या जागेवर पिकवून आमच्या लेकरांना वर्षभर खायला घातलं, म्हणून सगळा राग त्यांच्यावर. फक्त मंगलची आई दुकानात आली. मीठ घेतलं, थांबली आणि अव्वाला म्हणाली, "वैनी, बी कडूचं तर नव्हतं न्हवं? आमच्यात एकदा आसाच वेल निगालता. बी तुमच्याकडचंच हुतं म्हणं." मी आतल्या दारात उभी होते. मामानं आदल्या दिवशीच माळ्यावर पोत्याखाली ती फुटकी कवटी बघितली होती, आणि अव्वाला दाखवली होती. दोघांनी मला एक शब्द विचारला नव्हता. अव्वानं मिठाची पुडी बांधली, दोरा तोडला आणि म्हणाली, "व्हय, माज्या म्हायेरचंच बी. गोड दुधी. तीन पिढ्या खाल्लाय आमी." मंगलची आई गेली. मी म्हटलं, "अव्वा..." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "सुम्म कुंद्र," ती म्हणाली. गप बस. कानडीत म्हणाली, म्हणून मला कळलं की ती घाबरली आहे. मामानं ती कवटी चुलीत घातली, आणि खुंटीवरचा दुसरा भोपळाही. त्यानंतर त्यानं कुणाला पोहायला शिकवलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाग उपटली. गावातली माणसं आली आणि आम्हा पोरांना कामाला लावलं. माझा वेल मीच ओढला, पत्र्यावरनं सोडवताना त्याचे ताणे हाताला गुंडाळले जात होते. सगळा ढीग खड्ड्यात टाकायचा होता, पण टाकायच्या आधी शेजारची गाय सुटून आली आणि त्यात तोंड घालून उभी राहिली. मेथी खाल्ली, पालक खाल्ला, मुळ्याचा पाला, घेवडा, सगळं खाल्लं. माझ्या भोपळ्यापाशी आली, हुंगलं आणि मान फिरवली. एकजण म्हणाला, "बगा, जनावराला बी इष कळतंय." अरे, पण तिनं बाकीचं सगळं खाल्लं की. तिथं वीस माणसं उभी होती आणि कुणाला ते दिसलं नाही. मला दिसलं. गाय दुसऱ्या दिवशीही ठणठणीत होती, मी मुद्दाम जाऊन बघून आले. सांगितलं कुणाला नाही.

बाईंची बदली लांब झाली, मग त्यांनी नोकरी सोडली, एवढंच कानावर आलं. माझं लग्न इचलकरंजीला झालं, यंत्रमागांच्या खडखडाटात संसार सुरू झाला. चालत्या मागांत माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, ते मला बरं वाटायचं. तरी शुक्रवार आला की घशात तो पीळ पडायचा. अजून पडतो. पहिल्या गरोदरपणात मला उलट्या व्हायला लागल्या तेव्हा मी प्रत्येक वेळी आधी रंग बघायची. मग अव्वा गेली. जायच्या आधी महिनाभर ती फक्त कानडीत बोलत होती. ती असेपर्यंत मी बोलले असते तर तिचा खोटेपणा उघडा पडला असता, असं मी स्वतःला सांगत आले होते. आता ती सबब उरली नाही. मंगल तोवर नर्स झाली होती, तिनं कुठून तरी पत्ता काढून दिला, कशाला हवाय हे न विचारता.

कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाईंनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते, हाडं वर आली होती, पण मला त्यांनी एका क्षणात ओळखलं. "शिवलीला." आणि मी वाकून नमस्कार करायच्या आत त्यांनी माझा हात धरून नखं बघितली, आणि मला खिडकीच्या उजेडात नेऊन डोळ्याची पापणी खाली ओढली. "तब्येत बरी आहे ना तुझी? केस गळतात का? पोटाचं काही? मुलं झाली? चांगली आहेत?" मी आपली हो, बरी आहे, म्हणत राहिले. त्यांनी चहा केला, पुड्यातली बिस्किटं ठेवली. गॅलरीत एक कुंडी नव्हती. साधी तुळससुद्धा नाही. "हिरवं काही आणतच नाही गं मी," त्या म्हणाल्या. "हातात धरलं की वाटतं, कुठल्या मातीतलं असेल."

तेव्हा मला कळलं. मी तिथं एका उलटीची, एका दवाखान्याची माफी मागायला गेले होते. आणि ही बाई बारा-तेरा वर्षं असं धरून बसली होती की तिनं एकेचाळीस लेकरांना वर्षभर हातानं विष भरवलं. जो कुणी जुना विद्यार्थी भेटेल त्याची नखं आणि डोळे बघत होती. मी बोलायला लागले. सगळं सांगितलं, माळा, फुटका भोपळा, मामाचं वाक्य, खिसणीवरचं बोट, काही नाही बाई. अव्वाचं मीठ बांधणं. गायीचंही सांगितलं. चहावर साय आली. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या, बशीवरच्या बिस्किटाकडं बघत होत्या. मी थांबले. त्यांनी विचारलं, "म्हणजे माती चांगली होती?"

"चांगली होती बाई."

"आणि भाज्या?"

"सगळ्या चांगल्या होत्या. एक सोडून."

त्यांनी पदर तोंडाशी धरला. रडल्या का ते मला सांगता येणार नाही, मी खाली बघत होते. मग त्यांनी चष्मा पुसला, पाठ सरळ केली आणि वर्गात बसायच्या तशा बसल्या. "एक नंबर," त्या म्हणाल्या. "अशोक. कसा आहे?" हजेरीपट समोर नव्हता, सगळं पाठ होतं. मी सांगितलं, फौंड्रीत सुपरवायझर आहे. दोन नंबर, दत्ता. शेती करतो, मुलगी झाली. संतोष. पुण्याला असतो, तिथनं फोन करतो. बारा नंबरला मी थांबले. "गेला बाई." त्या पुढं झुकल्या. "कशानं?" "हायवेवर अपघात झाला." "अपघातच? नक्की?" "नक्की बाई, मी बघायला गेलते." तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला आणि तेरा नंबर विचारला. मुलगे संपले, मुली सुरू झाल्या. प्रत्येक नावाला त्या मान हलवायच्या, आणि त्यांचा आवाज हळूहळू मोकळा होत होता, बागेत असायचा तसा. "सव्वीस, मंगल." मी म्हटलं, "नर्स आहे बाई, दोन पोरं आहेत." त्या पहिल्यांदा हसल्या.

सत्तावीस नंबर माझा होता. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, खिडकीतनं बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस."

आणि मी अठ्ठावीस नंबरचं सांगायला लागले.